दसऱ्याची सायकल, जानेवारीतली पहिली २०० ची ब्रेव्हे

पाऊस सरला की पुण्या-नाशकात, कोल्हापुरात सायकलीच्या दुकानांत गर्दी दिसायला लागते. दसऱ्याला झेंडूची माळ घालून नवी सायकल घरी येते, आठवडाभर उत्साहाने फेऱ्या होतात, मग एक दिवस चाक पंक्चर होतं आणि सायकल पार्किंगमध्ये उभी राहते ती कायमचीच. दम नाही म्हणून सायकल सोडणारे फार थोडे. पंक्चर काढता येत नाही, गुडघा दुखतो, बूड दुखतं, चेन कुरकुरते, या कारणांनी सोडणारे मात्र पुष्कळ. या सगळ्यांवर घरच्या घरी इलाज आहे.

नव्या माणसापुढे एक ठरावीक उद्दिष्ट असावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी २०० किमीची ब्रेव्हे उत्तम. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नाही, ठरावीक अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ या संस्थेच्या नियमांनी जगभर या राइड होतात. पहिला नंबर कुणाचा येत नाही, वेळेत पूर्ण करणारे सगळे सारखेच. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ किमीही पडत नाही. चालत्या सायकलीवर ताशी २० चा वेग ठेवलात तर दहा तासांत अंतर संपतं आणि चहा, जेवण, पंक्चर यांसाठी साडेतीन तास हाती राहतात. साधी हायब्रीड, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल, घेऊनही हे जमतं. अट एवढीच, की वाटेत स्वतःचं स्वतः निभावून न्यायचं. मदतीची गाडी ठरलेल्या कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावरच, भेटू शकते, मधे नाही. म्हणूनच सायकलीची निगा आणि शरीराची तयारी एकत्र शिकावी लागते.

दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंत साधारण चौदा-पंधरा आठवडे मिळतात. तेवढे पुरतात.

पहिला आठवडा: उंची आणि हवा

सायकल घेतल्यावर पहिला खर्च मीटरवाल्या उभ्या पंपाचा करा. भारी काचेचा गॉगल, कार्बनची बाटली-जाळी, क्लिपवाले बूट, हे सगळं नंतर. पेट्रोल पंपावरच्या हवेवर विसंबू नका. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर तिथे हवा भरता येते, पण अरुंद टायरमध्ये दाब क्षणात वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. रोडबाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तर ती नळी बसतच नाही. प्रेस्टाच्या टोकाची छोटी चकती आधी सैल करायची, बोटाने एकदा दाबून ‘फुस्स’ करायचं, मग पंप लावायचा आणि हवा भरून झाली की चकती परत आवळायची.

किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. ढोबळमानाने, २५ मिमीच्या रोड टायरला ८० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३५-३८ मिमीच्या हायब्रीडला ५० ते ७०, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) दोन इंची टायरला ३० ते ४०. वजन जास्त असेल तर थोडी जास्त, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त, ओल्या रस्त्यावर थोडी कमी. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू जातच असते, तेव्हा रोडबाइकची हवा दर आठवड्याला तपासायचीच. ‘अंगठ्याने दाबून पाहिलं, ठीक वाटलं’ हे मोजमाप नाही.

आता सीटची उंची. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो. आणखी नेमकं हवं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरून जमिनीपासूनचं अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आलं तर उत्तर साधारण ७०.६ सेंमी. पायडलचे दांडे (क्रँक) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. ही सुरुवात समजा, नंतर पाच-पाच मिमीने बदल करून पाहा.

आपल्याकडे बहुतेक नवे लोक सीट खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. हीच सवय गुडघ्यांवर येते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा. दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागची शीर ओढत असेल तर वर आहे. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तरीही वरच आहे. बोटांना मुंग्या येत असतील तर हातांवर भार जास्त पडतोय: सीटचं नाक खाली झुकलंय का, हँडल फार लांब आहे का ते पाहा. आणि दुखणं दोन आठवड्यांनीही कमी झालं नाही तर पुढची राइड थांबवून डॉक्टरांना दाखवा.

बुडाचं दुखणं पहिले काही आठवडे असतंच. मऊ गादीची सीट हा त्यावरचा उपाय नाही, लांब राइडला ती जास्त काचते. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका. त्याच्या शिवणीच घासतात. घासण्याच्या जागी व्हॅसलीन लावा, घरी आल्याबरोबर अंघोळ करा आणि शॉर्ट प्रत्येक राइडनंतर धुवा. या गोष्टी कुणी मोकळेपणाने सांगत नाही, आणि नवखे निमूट सोसत राहतात.

दुसरा आठवडा: पंक्चर, स्वतःच्या हाताने, घरी

पहिलं पंक्चर रस्त्यावर व्हायची वाट पाहू नका. रविवारी दुपारी चांगल्या चाकाची ट्यूब मुद्दाम काढा आणि परत बसवा. मागच्या चाकाने दोनदा, कारण अडचण तिथेच येते.

मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणा. रिम ब्रेक असेल तर त्याची पकड मोकळी करा. चाकाचा खटका, म्हणजे क्विक रिलीज, उघडा, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हाताने मागे ओढा, चाक खाली सरकतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

उरलेली हवा काढा, टायरची कड सगळीकडून रिमच्या मधल्या खोबणीत ढकला, व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने टायर काढायचा लिव्हर (चपटी पट्टी) घाला. एक बाजू सुटली की ट्यूब काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे घाईत हमखास राहून जातं: टायरच्या आतून बोटं सावकाश पूर्ण फिरवायची. कच्च्या रस्त्याकडेला बाभळीचा काटा असतो. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती तार न काढता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसायचं.

ट्यूबमध्ये हवा भरून बादलीभर पाण्यात फिरवा. रस्त्यावर असाल तर गालाजवळ किंवा ओठांजवळ धरा, वाऱ्याची झुळूक लागते. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेली. भोकाभोवती पॉलिश पेपरने नीट घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि तो जवळजवळ कोरडा होईपर्यंत थांबा. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावला की तो सुटतोच. पॅच लावल्यावर मिनिटभर जोराने दाबून धरा.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरा, म्हणजे ती पिळवटत नाही. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूपासून टायर चढवत व्हॉल्व्हजवळ संपवा. शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनी चढवा, लिव्हरने नको. बरोबर तिथेच नवी ट्यूब कापली जाते. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, कडेने फिरून ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते पाहा आणि मगच पूर्ण हवा मारा.

राइडवर पॅच लावत बसायचं नाही. सरळ ट्यूब बदलायची, फाटकी घरी आणून दुरुस्त करायची. सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, तीन लिव्हर, पॅच किट, छोटा पंप, ४-५-६ मिमीच्या अ‍ॅलन की आणि तुटलेली चेन जोडायची एक कडी (क्विक लिंक) असली की पुरे.

चेन: दर रविवारी पंधरा मिनिटं

सायकलीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणाराही हाच. घाण चेन कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि पुढच्या चकत्या कानशीसारखी घासत राहते.

जुन्या चड्डी-बनियनच्या फडक्यात चेन पकडा, पायडल उलटं फिरवा. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. महिन्यातून एकदा डीग्रीझर किंवा थोड्या डिझेलने ब्रश मारून धुवा, पाण्याने खळबळून काढा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. मग वंगण. प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूने; पायडल उलटं फिरवत राहा. दहा मिनिटं मुरू द्या. त्यानंतर बाहेरचं सगळं वंगण पुसून टाका. हो, सगळं. वंगण कामाचं असतं ते रोलरच्या आत, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. शिवणयंत्राचं तेल फार पातळ, लवकर उडून जातं. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रे फार चिकट. साधा डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि धुवायला ठीक, चेनचं वंगण म्हणून तो टिकत नाही. सायकलचं वंगण दोन प्रकारचं मिळतं: ‘ड्राय’ आपल्याकडे दिवाळीनंतर मेपर्यंतच्या धुळीत चांगलं, ‘वेट’ पावसाळ्यात. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटांत जूनमध्ये चालवणार असाल तर पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तेल द्यायची. रात्रभर ठेवली तर सकाळी तांबूस गंज दिसतो.

चेन झिजली की लांबते. स्टीलची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत नवी चेन बरोबर १२ इंच भरते. हे अंतर दीड मिमीने वाढलं की चेन बदलायची वेळ झाली. तीन मिमी वाढेपर्यंत थांबलात तर नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते आणि कॅसेटही घ्यावी लागते. चेनपेक्षा कॅसेट बरीच महाग असते.

ब्रेक, गिअर आणि बाकीचं

निघण्यापूर्वी रोज तीनच गोष्टी: हवा, ब्रेक, चेन. ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकता कामा नये. रिम ब्रेकचे रबर रिमवरच बसायला हवेत, टायरला घासता कामा नयेत, आणि रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलायचे. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा एक थेंबही चालत नाही, बोटाचाही स्पर्श नको. चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका, तो उडून चकतीवर जातो. चकती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

गिअर नीट बदलत नसेल तर मागच्या डिरेलरजवळ केबल शिरते तिथली गोल चकती हाताने फिरवून बघा. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर घड्याळाच्या काट्याच्या उलट पाव फेरी. लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर सुलट पाव फेरी. एका वेळी पावच फेरी. डिरेलरवरच्या दोन लहान स्क्रूंना पहिल्या वर्षी हात लावू नका. ते चुकले तर चेन स्पोकमध्ये जाऊ शकते. सायकल आडवी ठेवायची तर डाव्या कुशीवर, म्हणजे उजवीकडचा डिरेलर वाकत नाही.

पायडल बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वर धरून पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्हीकडची पायडलं घट्ट होतात. आट्यांना थोडं ग्रीस लावा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खुळखुळ जाणवली तर हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) सैल आहे. चाक एक्सलवर डावी-उजवीकडे हलत असेल तर हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) बघायला हवं. ही कामं आणि आउट झालेलं चाक सरळ करणं दुकानातच द्या. शेजारी उभं राहून बघा, विचारा. चांगला मेकॅनिक सांगतो. पावसाळा संपला की वर्षातून एकदा पूर्ण ओव्हरहॉलिंग करून घ्यायचं.

पाय तयार करताना

आठवड्यात तीन दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवार सकाळी ४५ मिनिटं ते तास, रविवारी लांब. सुरुवातीला रविवारी २५ किमी, पुढे ३५, मग ४५. चौथ्या रविवारी परत ३० वर या. शरीर घडतं ते विश्रांतीत. पुढच्या तीन रविवारी ५०, ६०, ७०. पुन्हा एक हलका आठवडा. मग ८०, १००, १२०. १२० नंतर पाय शाबूत असतील आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत असेल तर २०० होतात. ब्रेव्हेच्या आधीच्या आठवड्यात फक्त दोन छोट्या फेऱ्या मारा. त्या आठवड्यात केलेली मेहनत कामी येत नाही, थकवा मात्र सोबत येतो.

रविवारी वेग किती हवा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील एवढाच. हे नव्यांना पटत नाही, कारण फोनवरचं ॲप रोजचा वेग दाखवत असतं. हळू चालवूनच तासन्‌तास टिकायची ताकद येते. जोर काढायचा तो गुरुवारी, चढावर.

पायडलची गती मोजायला मीटर लागत नाही. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. २० ते २२ हवं, म्हणजे मिनिटाला ८० ते ९०. जड गिअरवर ५५-६० ने रेटत राहणं ताकदीचं वाटतं, पण त्याचा हिशोब १४० व्या किलोमीटरला गुडघा मागतो. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. पायडलवर पूर्ण जोर असताना बदललात तर चेन पडते किंवा तुटते.

पुण्यात असाल तर खडकवासल्याच्या बाजूचे रस्ते सपाट सरावाला, बोपदेव किंवा जुना कात्रज घाट चढाला. सिंहगड शेवटच्या महिन्यात, आधी नाही. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरचा रस्ता, कोल्हापूरकरांना पन्हाळा. मुंबईत उजाडण्याआधी बाहेर पडायला पर्याय नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वरळी सी लिंक आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. दुचाकींसाठी खुला असलेला रस्ताच निवडा.

घाट उतरताना दोन्ही ब्रेक एकसारखे दाबून ठेवू नका, रिम आणि पॅड तापतात. सरळ भागात थोडे दाबा, सोडा, परत दाबा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही. आपल्याकडे उजवा लिव्हर बहुतेक वेळा पुढच्या चाकाचा असतो आणि थांबायची खरी ताकद त्याच्यातच असते, पण तो दाबताना वजन मागे न्या. खडी दिसली की ब्रेक सोडून सरळ जाऊ द्या.

खाणं भूक लागण्याआधी. दीड तासापेक्षा लांब राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक केळं आणि राजगिऱ्याची वडी, किंवा मूठभर खजूर. तिळाची पोळी, गूळ-तुपाच्या पोळीचा रोल, थालीपीठ, सगळं उत्तम चालतं. परदेशी एनर्जी जेलची पाकिटं पहिल्या वर्षी लागत नाहीत. पाणी दर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. उन्हात एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. ओआरएसच्या पाकिटावर पूर्ण एक लिटर लिहिलेलं असेल तर लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नको. आणि ब्रेव्हेच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. धाब्यावरची मिसळ राइड संपल्यावर.

त्या दिवशी

आदल्या रात्री हवा भरा, दिवे चार्ज करा, हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट समोर ठेवा. ही तिन्ही नसतील तर सुरुवातच करू देत नाहीत. पहाटे थंडीत सगळे जोरात निघतात. त्यांना जाऊ द्या. पहिले ५० किमी रविवारच्याच वेगाने. कुणाच्या मागे चालवताना वारा कमी लागतो, पण पुढच्या चाकावर नजर खिळवू नका, माणसाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. खड्डा दिसला तर हाताने दाखवा, मागच्याला ओरडून सांगा.

कंट्रोलवर ब्रेव्हेच्या कार्डावर शिक्का किंवा वेळ घ्या, बाटल्या भरा, खा आणि वीस मिनिटांत निघा. वेळ जातो तो सायकलीवर नाही, खुर्चीवर बसून. दुपारी १२० ते १५० च्या दरम्यान बहुतेकांना वाईट वाटायला लागतं. तेव्हा निर्णय घेऊ नका. आधी काहीतरी गोड खा, मिठाचं पाणी प्या, गिअर हलका करा आणि अर्धा तास चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने बरं वाटतं. पण गरगरलं, घाम थांबला, छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं, कार्डाचा विचार न करता.

नोकरी-व्यवसाय सांभाळून हे कितपत जमतं असं ज्यांना वाटतं त्यांनी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांकडे बघावं. २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने केली, आणि त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीही. सगळे डॉक्टर, सगळे आपापलं काम करणारे.

घरी आल्यावर आधी खा, मग अंघोळ, मग दहा मिनिटं सायकलीला द्या: चेन पुसून तेल, टायरमध्ये रुतलेल्या काचा टोकदार काडीने काढणं, ब्रेकच्या रबरात अडकलेली खडी बघणं. पुढचे दोन दिवस फक्त हलक्या पायडलने अर्धा तास. त्यानंतर ३०० चा विचार करायचा असेल तर त्याला २० तास मिळतात, म्हणजे पहाटे निघालात तरी शेवटचे काही तास अंधारात. तेव्हा आता खरेदी करायची ती पुढच्या दिव्याची; पूर्ण चार्जवर मध्यम उजेडात तो किती तास टिकतो ते घरी एक रात्र चालू ठेवून मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.